सुरुंगाआधीची हाक

१

रास अल खैमाच्या मागे डोंगरांत तेव्हा खाणीचं गाव नुकतंच वसत होतं. गाव आपलं म्हणायला. एक क्रशर, पत्र्याच्या खोल्यांची एक रांग, मलबारी यूनुसचं दुकान, आणि पाण्याचा टँकर आला की बादल्या घेऊन धावणारी माणसं. दुबईत रोज नवी इमारत उभी राहायची, तिला लागणारी खडी इथून जायची. सत्त्याण्णव साल होतं. मोबाइल साहेबांच्या कमरेला असे, बाकीच्यांच्या कमरेला पाठदुखीचा पट्टा.

बाबाजी तिथला मुकादम. गुहागरकडचा माणूस, पोट सुटलेलं, तोंड फटकळ. सकाळी उठल्यापासून 'मेल्या' म्हटल्याशिवाय कुणाशी बोलायचा नाही, आणि कुणाला ताप आला की उशाशी बसून पेज भरवणाराही हाच. पोरांनाही त्याच्या शिव्या ऐकल्याशिवाय दिवस सुरू झाल्यासारखा वाटत नसे.

रोज दुपारी जेवणाआधी डोंगरात सुरुंग उडायचा. कंपनीचा भोंगा वाजायचा, पण क्रशरवर काम करून अर्ध्या पोरांचे कान गेलेले, त्यामुळे भोंग्यावर बाबाजीचा विश्वास नव्हता. त्याने आपला नियम घातला होता. सगळ्यांनी आडोशाला यायचं. आडोसा म्हणजे जाड काँक्रीटची, तीनच भिंतींची खोली, डोंगराकडे पाठ करून बांधलेली. तिथे बाबाजी एकेकाच्या नावाने हाक मारणार आणि ज्याने त्याने स्वतः ओ द्यायची. दुसऱ्याच्या नावाने ओ दिली तर थोबाडीत. शेवटची ओ आली की मगच सुरुंगाच्या पेटीला किल्ली लागायची. साहेब लोक हसायचे, पण बाबाजीच्या हाताखाली कुणाचं नखही गेलं नव्हतं.

शेवटची दोन नावं ठरलेली. गणू आणि वली. गणू बाबाजीच्याच शेजारच्या गावचा, त्याला काका म्हणणारा, लाजरा. कोपऱ्यात उभा राहून बारीक आवाजात ओ द्यायचा. वली पेशावरकडचा पठाण, पण कोकणातल्या पोरांत राहून त्यालाही ओ द्यायची सवय लागलेली. तो ती गाण्यासारखी लांबवायचा. मग सगळे हसायचे, आणि त्या हसण्यातच बाबाजी किल्ली फिरवायचा.

गणू-वलीची जोडी अशी होती की एक ग्लास चहा दोघांत संपायचा. म्हणूनच पुढे जे झालं ते कुणाला नीट समजलंच नाही.

२

गणूच्या बायकोने, गिरिजाने, देशातून एक कॅसेट पाठवली होती. मुलगी झाली होती, आणि तिचं रडणं, हुंकार, गिरिजाचं बोलणं असं सगळं त्यात भरलं होतं. त्या काळी चिठ्ठीपेक्षा कॅसेटचा मान मोठा. गणू ती रोज ऐकायचा. एका शुक्रवारी वलीने रेडिओवरची पुश्तू गाणी टेप केली. हाताला लागली ती कॅसेट घेतली. लागली ती नेमकी गिरिजाची.

गणूने कॅसेट लावली तेव्हा मुलीच्या जागी तबला वाजला. वली हसत म्हणाला, "अरे यार, बच्ची फिर से रो लेगी." एवढंच. खाटेखाली हातोडा होता. गणूने एकदाच मारला.

मारल्यावर गणू पळाला नाही. वलीचं डोकं मांडीवर घेऊन, "वली, ऊठ, मेल्या ऊठ" म्हणत बसून राहिला. पोलीस आले तेव्हाही तसाच बसला होता. बाबाजीने त्याचे हात सोडवले.

कोर्टात गणूने सगळं कबूल केलं. निकाल देहदंडाचा. गोळी घालून. कंपनीच्या दुबईच्या ऑफिसातले सदानंद परांजपे कोर्टाचं काम बघत होते. दुबईच्या करामा भागात राहणारा पुण्याचा माणूस, घामाने कॉलर भिजलेली. ते म्हणाले, "बाबाजी, लॉयरने क्लिअर सांगितलंय. इथला कायदा असा आहे की मयताच्या फॅमिलीने माफ केलं तरच सुटका. वलीची आई आहे, मोठा भाऊ आहे, जमाल. त्यांनी पार्डन केलं नाही तर खलास. दुसरा ऑप्शन नाही."

बाबाजीने डोळे पुसले आणि वर सदानंदांनाच शिवी घातली. सदानंदांनी ती निमूट ऐकून घेतली. माणूस चांगला होता.

३

खाणीचं काम मात्र वली गेल्यावर चारच दिवसांत पुन्हा सुरू झालं होतं. दगडाला कुणाच्या मरणाचं काय!

पहिल्याच दुपारी बाबाजी हाका मारत गेला. मिथुन, ओ. रफिक, ओ. आणि जिभेला लागलेल्या वळणाने पुढचं नावही गेलं तोंडातून. "गणू!"

जीभ चावावी असं झालं त्याला. पोरांनी खाली बघितलं. आणि कोपऱ्यातून, बारीक आवाजात, ओ आली.

बाबाजीने कोपऱ्याकडे बघितलं. तिथे रिकामा टिनचा डबा होता आणि कुणाची तरी फाटकी चप्पल. वलीचं नाव त्याच्या ओठावर आलेलं, ते त्याने गिळलं, घाईघाईत किल्ली फिरवली.

जेवताना त्याने मिथुनला गाठलं. "मेल्या, नकला करतोस?"

"मी कशाला करू, मुकादम? मला वाटलं तुम्हीच…" रफिक म्हणाला, काँक्रीट आहे, आवाज घुमतो. ते बाबाजीला पटलं. पटवून घेतलं म्हणा. लहानपणी आजी सांगायची, तिन्हीसांजेला पहिल्या हाकेला ओ देऊ नये, कोण बोलावतंय काय ठाऊक. पण इथे तर भर दुपार होती, आणि हाक मारणारा तो स्वतःच होता.

दुसऱ्या दिवशी नाव घ्यायचं नाही असं ठरवून तो आला आणि तरीही त्याने घेतलं. खरं सांगायचं तर त्याला ऐकायचं होतं. ओ आली. तशीच, लाजरी. बाबाजीचा जीव भांड्यात पडला. पोरगं आहे. अजून आहे. घुमणारा आवाज असता तर त्याच्याच आवाजासारखा जाडा असता, हे त्याला कळत होतं; पण तो विचार त्याने पुढे जाऊ दिला नाही.

मग तो रोजचा रिवाजच झाला. मिथुन, रफिक, बाकीचे, आणि शेवटी गणू. वलीचं नाव मात्र बाबाजीने गाळलं. मेलेल्याला कशाला हाक मारायची? बिचाऱ्याला निजू द्यावं. यात काही चुकतंय असं त्याच्या मनातही आलं नाही.

४

थंडी पडायला लागली तेव्हा सदानंदांनी भेटीची परवानगी काढली आणि आपल्या गाडीतून बाबाजीला तुरुंगात नेलं. बाबाजीने नारळाच्या वड्या केल्या होत्या. त्या फाटकावरच काढून घेतल्या.

जाळीपलीकडे गणू आला. वाळलेला, दाढी वाढलेली, पण काकाला बघून हसला.

"खातोस ना रे नीट?"

"खातो. डाळ बरी असते." मग गणू पुढे वाकला. "काका, दुपारी तुमची हाक येते त्याने बरं वाटतं. दिवस त्याच्यावर निघतो."

बाबाजीने जाळी घट्ट धरली. खाणीपासून तुरुंग गाडीने तासाभराच्या वर. मधे डोंगर, वाळवंट, अख्खी शहरं. "कसली हाक?" त्याने विचारलं.

"सुरुंगाआधीची. मी ओ देतो की. तुम्हाला ऐकू येत नाही?"

तुरुंगात पोरांची डोकी फिरतात, बाबाजीने मनाशी म्हटलं. कुणीतरी शिपायाने, कुणीतरी खाणीवरच्या माणसाने सांगितलं असेल. पण खाणीवरून तुरुंगात येणारं दुसरं होतं कोण?

"एक मागणं आहे, काका," गणू म्हणाला. "मी आत असतो, माझ्या कोपऱ्यात. वली बाहेर असतो. तुम्ही त्याचं नाव घेत नाही ना, मग तो आत कसा येणार? तुमचाच नियम. आडोशाच्या तोंडाशी उभा राहून वाट बघतो, मग मागे जाऊन दगडावर बसतो. आणि तुम्ही किल्ली फिरवता. रोज, काका. मी ओरडतो, पण ओ सोडून दुसरं काही निघतच नाही तोंडातून."

शिपायाने वेळ संपल्याची खूण केली. गणू उठता उठता म्हणाला, "त्याला एकट्याला तिथं नका ठेवू. माझ्यावर रागावलेला नाही तो. मला बोलावतो, एवढंच."

परतीच्या वाटेवर सदानंद विचारत होते, काय म्हणाला, तब्येत कशी आहे. बाबाजी म्हणाला, "डाळ बरी असते म्हणाला." आणि मग खिडकीकडे तोंड करून रडला.

५

वलीचं नाव घ्यायला बाबाजी धजला नाही. रोज ठरवायचा, रोज जीभ अडायची. ओ आली नाही तर गणूला वेड लागलंय म्हणायचं. आणि आली तर?

अशातच जमाल आला. वलीचा मोठा भाऊ, तसाच उंच, दाढीत पांढरे केस. आईने निर्णय त्याच्यावर सोडला होता. दुसऱ्या दिवशी त्याला कोर्टात सांगायचं होतं, आणि त्याआधी भाऊ जिथे राहिला ती जागा बघायची होती. सदानंदांनी गाडीतच एकदा पैशांचा विषय काढून बघितला. जमाल म्हणाला, "पैसा नहीं. फिर से मत बोलना, भाईसाब." पुन्हा कुणी बोललं नाही.

बाबाजीने त्याला खोली दाखवली, खाट दाखवली, चहा दिला. माफीची भीक मागायची असं त्याने ठरवलं होतं, पण त्या माणसाकडे बघून त्याने तो विचार सोडला. ज्याचा भाऊ गेला त्याला काय म्हणायचं? आमचा पोरगा चांगला आहे?

दुपार झाली. जमाल सगळ्यांबरोबर आडोशाला येऊन उभा राहिला. बाबाजीने हाका मारल्या. बाकीच्यांची नावं झाली आणि तो थांबला. या माणसापुढे गणूचं नाव कोणत्या तोंडाने घ्यायचं? आणि नाही घ्यावं तर पोर आज बाहेर राहणार.

"मेरे भाई का नाम भी लेते थे?" जमालने विचारलं.

"लेता था."

"आज लो, चाचा."

बाबाजीने डोळे मिटले. "वली!"

बाहेरून, खूप लांबून, जिथे सुरुंग भरले होते त्या बाजूने ओ आली. लांबवलेली, गाण्यासारखी. रफिकने मिथुनचा दंड धरला. कुणी हसलं नाही.

जमाल कुणी काही म्हणायच्या आत बाहेर पडला आणि डोंगराकडे चालायला लागला. बाबाजीने किल्ली काढून मुठीत दाबली आणि भिंतीच्या कडेवरून बघत राहिला. जमाल मोठ्या धोंड्याला वळसा घालून पलीकडे गेला. तिथून काहीच आवाज नाही. टँकरवाला लांब कुठेतरी हॉर्न वाजवत होता.

जमाल परत आला तेव्हा त्याच्या केसांवर, खांद्यांवर दगडाची बारीक पूड होती. सुरुंग तर उडाला नव्हता. बाबाजीने पाणी पुढे केलं. जमालने ग्लास हातात घेतला, पण प्यायला नाही.

"आपके लड़के को बुला रहा है," तो म्हणाला. "जैसे खाने पे बुलाते हैं."

मग ग्लास खाली ठेवला. "मैं माफ़ कर दूँगा. उधर मैं किसी को नहीं भेजूँगा, चाचा. दुश्मन को भी नहीं." आणि जाताना एवढंच बजावून गेला, की वलीचं नाव आता कुणी घेऊ नका.

त्या दिवशी सुरुंग उडाला नाही. तारा भिजल्या म्हणून बाबाजीने साहेबाला सांगितलं.

६

माफी झाली. बातमी आली तेव्हा बाबाजी सदानंदांना मिठी मारून त्यांचा इस्त्रीचा शर्ट खराब करून बसला. रात्रीच्या जेवणाला गोडाचा शिरा झाला. गणू काही महिने आत राहणार, मग थेट देशात रवानगी. जीव वाचला, आणखी काय पाहिजे!

कोर्टाच्या त्या दिवसापासून कोपऱ्यातली ओ बंद झाली. बाबाजी हाक मारायचा, उत्तर नाही. आता तो खरोखरच जिथे आहे तिथेच आहे, बाबाजीने स्वतःला समजावलं. बरंच झालं. झालं ते भास होते. पण ऐकण्याची सवय काही सुटेना, म्हणून हाक चालूच राहिली.

उन्हाळ्याच्या तोंडावर गणू सुटला. संध्याकाळचं विमान होतं, आणि सदानंदांनी कुणाकुणाच्या हातापाया पडून त्याला दोन तास कॅम्पवर आणायची परवानगी मिळवली. बरोबर एक पोलीस, तोही भला. यूनुसच्या दुकानात लबान, म्हणजे तिकडचं ताक, पीत बसला.

पोरांनी गणूला उचलूनच घेतलं. बाबाजीने त्याच्या तोंडावरून हात फिरवला, "वाळलास रे मेल्या," म्हणाला. गणू हसत होता. थोडा शांत होता, पण तुरुंगातून आलेला माणूस नाचणार आहे थोडाच? एकदा मिथुनने मागून हाक मारली तर त्याने वळून बघितलं नाही. मिथुनने खांद्यावर थाप मारल्यावर वळला.

भोंगा वाजला. गणूही आडोशाला आला. कोपऱ्यात नाही, बाबाजीने त्याला आपल्याजवळ उभं केलं, त्याचा हात हातात धरला. क्रशरपासून रस्त्यापर्यंत ट्रक उभे होते, साहेबाचा वॉकीटॉकी खरखरत होता. यल्ला, यल्ला, चला, आटपा. बाबाजीने हाका मारल्या. आज शेवटचं नाव तो थाटात घेणार होता.

"गणू!"

हातातला हात गरम होता. शेजारी उभ्या गणूने तोंड उघडलंसुद्धा नाही. तो समोर बघत होता, हाक दुसऱ्याच कुणाला मारली असावी तसा. आणि बाहेरून, धोंड्याच्या पलीकडून, ती ओ आली. बारीक, लाजरी. त्यामागून आणखी एक, लांबवलेली. मग दोघे हसले.

बाबाजीने गणूकडे बघितलं. "ऐकलंस?"

"काय, काका?"

"तू ओ का दिली नाहीस?"

गणू गोंधळून म्हणाला, "तुम्ही हाक कधी मारलीत?"

वॉकीटॉकीवर साहेब ओरडला. माणूस बाहेर असताना बाबाजीने जन्मात किल्ली फिरवली नव्हती. पण माणूस बाहेर होता कुठे? हा काय, इथे, हाताला हात लागतोय, नाडी उडतेय, नखांत तुरुंगातला मळ आहे. याची बायको वाट बघतेय. इतके महिने कान फसवत आले, आज तरी डोळ्यांचं ऐकावं. आयुष्यात पहिल्यांदाच बाबाजीने साहेब लोकांसारखा विचार केला.

"मी इथं आहे ना, काका," गणू हळूच म्हणाला. "फिरवा."

बाबाजीने किल्ली फिरवली. डोंगर हादरला, धूळ उठली आणि आडोशाच्या तोंडातून आत आली. गणूच्या हाताची पकड किंचितही बदलली नाही. दचकला नाही, डोळे मिटले नाहीत.

संध्याकाळी तो विमानात बसला.

७

पुढच्या शुक्रवारी खाण बंद होती. दुपारी जेवणं उरकून पोरं आडवी झालेली. यूनुसच्या दुकानाबाहेर फोनचा खांब होता. बाबाजीने तीस दिरहमचं कार्ड घेतलं, म्हणजे तीनशे रुपये, आणि त्याबद्दल यूनुसला दोन शिव्या दिल्या. मग गिरिजाच्या शेजाऱ्यांचा नंबर फिरवला. शेजाऱ्यांचा फोन ओटीवर, मधे नुसता कुंपणाचा गडगा. गिरिजा धावत आली.

"काका, तुमचे पाय धुवून प्यायला हवेत," ती म्हणाली आणि रडायला लागली.

"गप गं पोरी. कसा आहे तो?"

"बरे आहेत. जेवतात. मुलीला मांडीवर घेऊन बसतात तासन् तास." मग तिने आवाज खाली आणला. "एकच आहे काका. हाक मारली की ओ देत नाहीत. मागून मारा, पुढून मारा. जाऊन हात लावावा लागतो. डॉक्टर म्हणाले कान चांगले आहेत. सुरुंगाच्या कामानं असं होतं का हो?"

"होतं कधी कधी," बाबाजी म्हणाला.

"थांबा, बोलावते. अंगणातच बसलेत." तिने रिसिव्हर तोंडापासून लांब धरला असावा. तिचा आवाज लांब गेला, पण स्वच्छ आला. "अहो! अहो, ऐकलंत का? काकांचा फोन!"

फोनमध्ये कोंबड्या ऐकू आल्या, लांब कुणीतरी लाकूड फोडत होतं. गणूची ओ नाही.

ती बाबाजीच्या पाठीमागून आली. बंद खाणीतून, उन्हात तापलेल्या त्या डोंगरातून. बारीक, लाजरी, आणि घाईची, कामात असलेला माणूस बायकोला देतो तशी. "ओ!"

बाबाजीने मागे वळून बघितलं नाही. दुकानाच्या दारात यूनुस हातातलं खोकं धरून तसाच उभा होता आणि डोंगराकडे बघत होता.

"बघितलंत ना काका?" गिरिजा म्हणाली. "समोर बसलेत, आणि हाक अशी वाया जाते."

बाबाजीने कपाळ फोनच्या खांबाला टेकलं. खांब तापलेला होता.

"वाया जात नाही गं," तो म्हणाला. "तू मारत जा."